एका माणसाचा गायकवृंद

लिव्हरपूल शहरातील एका कॅथलिक मुलाने दृढीकरण संस्कार टाळला, आणि पुढे आपल्या आठवणींत ते मोकळेपणाने सांगूनही टाकले. आई आयरिश वंशाची कॅथलिक. वडील बसवर नोकरी करणारे, कॅथलिक नसलेले. बाळाचा बाप्तिस्मा झाला, यथाकाल प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारही झाला. परंतु दृढीकरणाची वेळ जवळ आली तेव्हा अकराएक वर्षांच्या त्या पोराने मनाशी ठरवले, की हे आता नको. पुढे कधीतरी आपले आपणच करून घेऊ. धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवणाऱ्या कोणालाही हे ऐकून हसू येईल. दृढीकरण हा काही घरच्या घरी उरकण्याचा विधी नव्हे. तो बिशपांच्या हातून, धर्मग्रामाच्या साक्षीने स्वीकारायचा असतो. तरीही त्या मुलाचा तो निश्चय मला नुसताच पोरकट वाटत नाही. त्याचे नाव जॉर्ज हॅरिसन. जगातील सर्वांत गाजलेला वाद्यवृंद मोडल्यावर, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने स्वतःच्या नावाने गाण्यांची जी पहिली ध्वनिमुद्रिका काढली ती ऐकताना वाटते, की पोराने आपला शब्द पाळला. तो कसा पाळला, आणि आपले आपणच करून घेतल्यामुळे त्यात कोणती उणीव राहिली, हे पाहण्यासाठीच हा लेख.

'ऑल थिंग्ज मस्ट पास', म्हणजे सारे काही सरून जाणारच, ही ध्वनिमुद्रिका नोव्हेंबर १९७० च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. एका खोक्यात तीन तबकड्या आणि त्यांवर एकूण तेवीस ध्वनिमुद्रणे. काटेकोर वाचक म्हणतील की ही त्याची पहिली स्वतंत्र कृती नव्हे, आणि ते खरे आहे. १९६८ साली 'वंडरवॉल' या चित्रपटाचे संगीत त्याच्या नावाने निघाले होते. त्यातील भारतीय वादनाचा बराच भाग त्याच वर्षीच्या जानेवारीत आपल्या मुंबईत, एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि त्यात शिवकुमार शर्मा यांच्यासारखे वादक होते. १९६९ साली विद्युत्-वाद्यावरच्या प्रयोगांची एक तबकडीही आली. पण पहिलीत त्याचा आवाज जवळजवळ नाही आणि दुसरीत संगीत जवळजवळ नाही. स्वतःच्या तोंडाने स्वतःचे सांगणारा हॅरिसन १९७० सालीच प्रथम भेटतो.

'बीटल्स' या चौकडीत तो वयाने सर्वांत धाकटा. गाणी रचायची ती जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांनी. हॅरिसनने गिटार वाजवावी आणि तबकडी भरत आली की एखाद-दुसरे गाणे त्याचे घ्यावे, असा शिरस्ता पडला होता. मोठ्या भावांच्या संसारात धाकट्याला जसे मानाने वागवतात पण सल्ल्याला बसवत नाहीत, तसाच हा प्रकार. गंमत अशी, की याच काळात त्याची रचना झपाट्याने पिकत होती. १९६६ साली तो पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत येऊन राहिला. तेव्हापासून सतारीइतकाच, किंबहुना सतारीहून अधिक, या देशाचा ईश्वरविचार त्याच्या मनात घर करून बसला. गाणी साचत गेली. या तबकड्यांवरील 'इझन्ट इट अ पिटी' हे गाणे १९६६ मधले. म्हणजे ते चार वर्षे दारात उभे होते.

खुद्द शीर्षकगीताची कथाही तशीच. जानेवारी १९६९ मध्ये लंडनजवळील ट्विकनहॅम येथे चौघे नव्या गाण्यांची तालीम करीत होते आणि चित्रपटाचे कॅमेरे ते टिपत होते. पीटर जॅक्सन याने त्या चित्रणातून केलेला दीर्घ माहितीपट २०२१ साली आला. त्यात हॅरिसन 'ऑल थिंग्ज मस्ट पास' सोबत्यांना शिकवताना दिसतो. सोबती वाजवतात, पण कसे? घरातल्या मोठ्यांनी लहान्याची कविता ऐकून घ्यावी तसे. नकार कोणी देत नाही. गाणे आपोआप मागे पडते. याच महिन्याच्या १० तारखेस तो तालीम सोडून घरी निघून गेला आणि त्याच दिवशी त्याने 'वाह-वाह' रचले. काही दिवसांनी अटी घालून तो परतला. महिनाअखेरीच्या एका संभाषणात तो लेननला सांगतो, की त्याच्या वाट्याला येणाऱ्या जागा पुढची दहा वर्षे भरून निघतील एवढी गाणी त्याच्याजवळ पडून आहेत, तेव्हा एकदा ती सारी स्वतःच वाजवून टाकावीत असे वाटते. लेननला ती कल्पना पसंत पडलेली दिसते. हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. त्यात भांडण नाही. एक माणूस परवानगी मागतो आहे, आणि ती मागण्याची गरज उरलेली नाही हे त्याला अजून पुरते कळलेले नाही.

एप्रिल १९७० मध्ये मॅकार्टनीच्या घोषणेने चौकडी मोडल्याचे जगाला कळले. मे अखेरीस हॅरिसन ध्वनिमुद्रणास बसला. सहनिर्माता म्हणून त्याने फिल स्पेक्टर या अमेरिकन ध्वनिसंयोजकास बोलावले. अनेक गिटारी, दोन-तीन पियानो, एकाहून अधिक ढोलवाले अशा सर्वांना एकाच दालनात एकाच वेळी वाजवायला लावायचे आणि त्यावर प्रतिध्वनीचा थर चढवायचा, ही त्याची ख्यातकीर्त पद्धत. एरिक क्लॅप्टन, बिली प्रेस्टन, क्लाउस फोरमान, जुन्या चौकडीतला रिंगो स्टार अशी मंडळी जमली. हे सारे चालू असता हॅरिसनची आई कर्करोगाने आजारी होती. तो स्टुडिओ सोडून उत्तरेकडे तिच्याकडे जात असे. ७ जुलै १९७० रोजी ती वारली. तिच्या आजारपणाच्या छायेत लिहिलेले एक गाणे पुढे वेगळे निघाले. या तबकड्यांवर तिचा उल्लेख नाही. पण या खोक्यातील काही गाण्यांना जो ओलावा आहे त्याचे एक कारण ही घटना असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता त्या गाण्याकडे वळू, ज्याच्यामुळे या ध्वनिमुद्रिकेचे नाव आपल्या घरांतही पोचले. 'माय स्वीट लॉर्ड' हे डिसेंबर १९६९ मध्ये कोपनहेगन येथे सुचू लागले. त्या वर्षी एडविन हॉकिन्स आणि त्याच्या गायकवृंदाचे 'ओ हॅपी डे' जगभर गाजले होते. अठराव्या शतकातल्या फिलिप डॉडरिज या इंग्रज धर्मोपदेशकाचे ते स्तोत्र. अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती समाजाच्या भक्तिसंगीताची घडण घेऊन ते नव्याने उभे राहिले होते. हॅरिसनला तशी रचना करायची होती. दोन स्वरमेळ आलटून पालटून वाजत राहतात, त्यावर एक साधी विनवणी: प्रभू, मला तुला पाहायचे आहे, पण त्याला फार वेळ लागतो. गाण्यातला सारा आशय एवढाच. मागून गायकवृंद 'आल्लेलुया' म्हणत राहतो. मग गाण्याच्या मध्यावर, श्रोत्याला नीटसे कळण्याआधी, 'आल्लेलुया'ची जागा 'हरे कृष्ण' घेते. शेवटी गुरुवंदनेचा संस्कृत श्लोकही ऐकू येतो.

हे हेतुपुरस्सर केले होते, हे हॅरिसनने १९८० साली आपल्या आत्मचरित्रपर पुस्तकात सांगितले आहे. दोन्ही नामांचा अर्थ एकच, आणि ऐकणाऱ्याने ते कळण्याआधीच सोबत गाऊ लागावे, ही त्याची योजना. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना नेमके हेच खुपते आणि मी त्यांना दोष देणार नाही. एखाद्याला न कळत त्याच्या तोंडून नाम वदवून घेणे ही प्रार्थनेची रीत नव्हे. त्यात थोडी चलाखी आहे. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात, अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे म्हटले. पण नाकारत नाही म्हणजे दोन्ही नामे अदलाबदल करण्याजोगी मानते, असा त्याचा अर्थ नव्हे. हे गाणे मिस्सामध्ये गावे काय, असे कोणी विचारले तर माझे उत्तर 'नाही' असे आहे. घरी, संध्याकाळी, दिवा लावून ऐकावे काय, असे विचारले तर 'अवश्य'.

आपण मराठी कॅथलिकांनी या बाबतीत फार सोवळे होऊही नये. १५७९ साली एक इंग्रज गोव्यात उतरला, आपली भाषा शिकला आणि १६१६ साली आपल्याच ओवीत त्याने 'क्रिस्तपुराण' छापले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी या मातीतला छंद घेतला आणि त्यात ख्रिस्त गायिला. साडेतीन शतकांनी दुसऱ्या एका इंग्रजाने ख्रिस्ती भक्तिसंगीताचा छंद घेतला आणि त्यात कृष्ण गायिला. प्रवास उलट दिशेचा, पण रस्ता तोच. फरक पडतो तो मुक्कामाचा. स्टीफन्स ज्या भाषेत गेले तिथे ते आयुष्यभर राहिले, तिची बहीण असलेल्या कोकणीचे व्याकरणही त्यांनी रचले. हॅरिसनच्या संस्कृत श्लोकात असे राहणे जाणवत नाही. तिथे तो आदराने उंबऱ्याशी उभा असलेला पाहुणा आहे. 'आल्लेलुया' म्हणताना मात्र तो घरचा वाटतो. ज्या घरातून तो निघून गेला त्याच घरचा.

आणि येथे या गाण्याची मला सर्वांत हलवणारी गोष्ट सांगितली पाहिजे. तो 'आल्लेलुया' म्हणणारा गायकवृंद कोण? तबकडीच्या वेष्टनावर 'जॉर्ज ओहारा-स्मिथ सिंगर्स' असे भारदस्त नाव आहे. हा वृंद अस्तित्वात नव्हता. तो बहुतांशी हॅरिसन स्वतःच. आपलाच आवाज पुनःपुन्हा ध्वनिमुद्रित करून, थरावर थर चढवून, त्याने एकट्याने ती सभा उभी केली. हाक त्याची आणि प्रतिसादही त्याचाच. या गाण्याचे याआधीचे ध्वनिमुद्रण बिली प्रेस्टनचे आहे. हॅरिसनने ते त्याला आधी देऊन टाकले होते. त्यात प्रत्यक्ष एडविन हॉकिन्सचा गायकवृंद आहे. दोन्ही एकामागून एक ऐकावीत. प्रेस्टनच्या गाण्यात प्रतिसाद बाहेरून येतो. ती माणसे वेगळी आहेत, त्यांचे श्वास वेगळे आहेत. एकाची श्रद्धा थकली तर दुसरा उचलून धरील असा भरवसा त्या आवाजांत आहे. हॅरिसनच्या गाण्यात प्रतिसाद सुरेख आहे, नितळ आहे, पण तो आरशातून येतो. पहिल्यातला आनंद अधिक खरा. दुसऱ्यातली आर्तता अधिक खोल. आपले दृढीकरण आपणच करून घेऊ म्हणणाऱ्या मुलाला अखेर धर्मग्राम हवाच होता, आणि तो नव्हता म्हणून त्याने तो स्वतःच्या गळ्यातून निर्माण केला. रविवारच्या मिस्सामध्ये मागच्या बाकावरून कोणा म्हाताऱ्याचा बेसूर आवाज आपल्या 'आमेन'मध्ये मिसळतो, त्याची किंमत हे गाणे ऐकून मला कळली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या गाण्याने त्याला कोर्टाची पायरीही चढवली. रॉनी मॅक या तरुण रचनाकाराचे 'ही'ज सो फाइन' हे गाणे १९६३ साली 'शिफॉन्स' या मुलींच्या वृंदाने गाजवले होते. एका मुलीला मुलगा आवडला आहे, एवढाच त्याचा विषय. दोन्ही गाण्यांचा सांगाडा सारखा आहे, असा दावा १९७१ मध्ये दाखल झाला. न्यायमूर्ती रिचर्ड ओवेन हे स्वतः संगीतिका रचणारे; त्यांनी दोन स्वरवाक्ये वेगळी काढून दाखवली. आपल्या सरगमीत सांगायचे तर पहिले 'प ग रे' आणि दुसरे 'प ध सा ध सा', आणि प्रत्येकाची ठरावीक आवर्तने. १९७६ मध्ये निकाल लागला: हॅरिसनने जाणूनबुजून चोरी केली नाही, पण त्याच्या अबोध मनाने ती चाल उचलली. १९८१ साली पाच लाख सत्त्याऐंशी हजार डॉलर भरून ते जुने गाणे विकत घेण्याचा आदेश झाला. दरम्यान त्या गाण्याचे हक्क विकत घेऊन बसला होता तो हॅरिसनचाच माजी व्यवस्थापक. ती कथा वेगळी आणि फारशी सुवासिक नाही.

आपल्याकडे ज्याने थोडीशी पेटी वाजवली आहे त्याला हे पाच स्वर पाहून भूप आठवेल, आणि हे स्वर कोणाच्या मालकीचे असा प्रश्न पडेल. स्वर मालकीचे नसतात हे खरे. पण ओळ मालकीची असू शकते, आणि दोन्ही गाणी ऐकल्यावर निकाल अन्यायाचा होता असे मला म्हणवत नाही. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. प्रियकरासाठी झुरणाऱ्या मुलीची चाल अबोध मनाने उचलली ती देवासाठी झुरणाऱ्या गाण्याकरिता. बायबलमधील गीतरत्न वाचणाऱ्याला किंवा क्रुसाचे संत योहान यांची काव्ये ज्ञात असणाऱ्याला यात काहीच नवल नाही. आणि सिनेमाच्या चालीवर भक्तिगीते बसवणाऱ्या आमच्या गायकवृंदांनी तर हॅरिसनवर हसूच नये.

या खोक्यात सर्वच गाणी या तोलाची नाहीत. 'अवेटिंग ऑन यू ऑल' हे आपल्या वाचकांना सर्वाधिक डिवचणारे गाणे. चर्च नको, देऊळ नको, जपमाळ नको, ग्रंथही नको. नाम घेतले की देव भेटेल, असा त्याचा आशय, आणि शेवटी पोपमहोदयांना मोटार कंपनीच्या समभागांवरून मारलेली एक कोपरखळी. या कोपरखळीने रागवावे एवढी ती धारदार नाही. विनोद म्हणूनही ती बेताचीच आहे. तिचे मूळ बहुधा बालपणात असावे. गरीब वस्तीतल्या घराघरांतून नव्या चर्चसाठी पैसे गोळा करणाऱ्या धर्मगुरूंची आठवण हॅरिसनने पुढे सांगितली आहे. ती आठवण खोटी मानण्याचे कारण नाही, आणि आपल्याही कानांना ती अगदी अनोळखी नसावी. परंतु गाणे म्हणून ते फसते, कारण त्याचा युक्तिवाद स्वतःलाच खातो. जपमाळ नको आणि नामजप हवा, हे कसे जमायचे? रोझरी म्हणजे तरी दुसरे काय? शिवाय हा स्वतः त्या काळात हरे कृष्ण पंथीयांची माळ पिशवीत घालून बोटांनी ओढीत असे. १९६९ मध्ये लंडनच्या राधाकृष्ण मंदिरातील भक्तांच्या महामंत्राची तबकडी त्यानेच काढली होती. तेव्हा त्याला नको होती ती जपमाळ नव्हे, आईच्या घरातली जपमाळ. हे त्याने गाण्यात कबूल केले असते तर गाणे मोठे झाले असते. हॅरिसन उपदेश करू लागला की लहान होतो आणि मागू लागला की मोठा होतो, हे या तबकड्या पुनःपुन्हा दाखवतात.

'बिवेअर ऑफ डार्कनेस' हा याला अपवाद म्हणावा लागेल. तो उपदेशच आहे, पण त्यातील सावधगिरीचा इशारा तो प्रथम स्वतःला देत असल्यासारखा गातो, आणि चाल अशा अनपेक्षित वळणांनी जाते की अंधाऱ्या जिन्यावर पाऊल चाचपडत टाकावे तसे वाटते. 'आर्ट ऑफ डाइंग'मध्ये पुनर्जन्माचा विचार आहे. तो आपल्या श्रद्धेत बसत नाही, परंतु मरणाची तयारी हा विषय गाण्यात आणण्याचे धाडस तेविसाव्या वर्षी केले, याचे कौतुक वाटते.

मोडलेल्या चौकडीविषयीची गाणी मात्र प्रौढ आहेत. वर ज्याचा उल्लेख आला ते 'इझन्ट इट अ पिटी' सात मिनिटांहून लांब आहे. आपण एकमेकांची मने किती सहज दुखावतो, घेत राहतो आणि परत देण्याचे विसरतो, एवढीच खंत त्यात आळवली आहे. त्यात कोणावर बोट ठेवलेले नाही. 'रन ऑफ द मिल' हे लहानसे गाणे माझ्या मते या संचातील सर्वांत कमी लेखले गेलेले. मैत्री तुटली ती नेमकी कोणत्या दिवशी, हे दोघांपैकी कोणालाच सांगता येत नाही. पण आवाज चढवायचा की नाही हे प्रत्येकाच्या हाती असते, असा त्याचा भाव. वाटण्या झालेल्या घरांत, सामाईक विहिरीवरून अबोला धरलेल्या भावांत, हे गाणे कोणी मराठीत आणले तर शब्दकोशाची गरज पडणार नाही.

वेष्टनावरील चित्रही याच विषयाचे. हेन्लीजवळील 'फ्रायर पार्क' हा अवाढव्य वाडा हॅरिसनने १९७० साली विकत घेतला. त्याच्या हिरवळीवर तो गमबूट घालून बसला आहे आणि भोवती बागेतले चार ठेंगू पुतळे लोळत आहेत. चार या संख्येचा अर्थ रसिकांनी लावला तो उघडच आहे. आपल्या वाचकांना एक गोष्ट विशेष वाटेल: हॅरिसनच्या आधी या वाड्यात सलेशियन धर्मभगिनींचा निवास होता. चर्च नको म्हणून गाणारा हा माणूस राहायला गेला तो मठात.

स्पेक्टरच्या ध्वनिसंयोजनाबद्दल मतभेद आहेत. 'वाह-वाह'मध्ये तो गदारोळ शोभतो, कारण तिथे विषयच डोके उठण्याचा आहे. अन्यत्र पुष्कळदा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. खुद्द हॅरिसनने २००१ सालच्या नव्या आवृत्तीच्या वेळी तो प्रतिध्वनी आता जास्त वाटतो असे नमूद केले. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला तो अठ्ठावन्नाव्या वर्षी वारला. तिसऱ्या तबकडीविषयी फार लिहीत नाही: वादक मंडळी जमली की जेवणानंतर जसे सहज वाजवत बसतात तसे ते वादन आहे. ती मौज त्यांची. आपण विकत घ्यावी अशी नाही.

म्हणून दुसरी तबकडी जिथे संपते तिथे थांबावे. तिथले शेवटचे गाणे 'हिअर मी लॉर्ड'. हेही जानेवारी १९६९ मध्ये चौकडीपुढे ठेवले गेले होते आणि तसेच राहून गेले. त्यात 'आल्लेलुया' नाही, 'हरे कृष्ण' नाही. तीन मागण्या आहेत: क्षमा कर, साहाय्य कर, ऐक. ज्या वर्षांत तुझ्याकडे पाहिले नाही त्या वर्षांची क्षमा; वासना जळून जावी आणि थोडे वर उठता यावे यासाठी साहाय्य; आणि निदान हे ऐकले जावे एवढी विनंती. ज्याने लहानपणी पापनिवेदनासाठी जाळीपुढे गुडघे टेकले आहेत त्याला हा क्रम ओळखीचा वाटेल. दृढीकरण टाळलेल्या मुलाने कोणता संस्कार विसरलेला नव्हता, हे इथे कळते. 'माय स्वीट लॉर्ड' जगाने उचलले, आणि हॅरिसनच्या निधनानंतर जानेवारी २००२ मध्ये ते ब्रिटनमध्ये पुन्हा अव्वल ठरले. पण प्रार्थना म्हणून मी हे दुसरे गाणे वर ठेवतो. इथे तो कोणाला चकवत नाही, कोणाला शिकवत नाही.

२०२१ मध्ये या ध्वनिमुद्रिकेची सुवर्णमहोत्सवी आवृत्ती त्याच्या मुलाच्या देखरेखीखाली निघाली. तिच्यात अगदी प्रारंभीची कच्ची ध्वनिमुद्रणे आहेत. २७ मे १९७० रोजी स्टुडिओत हॅरिसन एकटाच बसून निर्मात्याला आपली गाणी ऐकवतो आहे. त्यांत 'हिअर मी लॉर्ड' आहे. दालन अजून भरलेले नाही. पियानोवाले, ढोलवाले, तो कल्पित गायकवृंद, कोणीच आलेले नाही. आई अजून हयात आहे. एक गिटार, आणि वरच्या पट्टीत जरासा चिरकणारा आवाज. तो क्षमा मागतो आणि मागून कोणीही 'आमेन' म्हणत नाही.